वाचकांचे प्रश्न : मॅक्लारेनची नावं मोजावीत की टब?

प्रश्न : मॅक्लारेन ही ब्रिटिश कंपनी सतत नवी गाडी आणते आणि सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून सुपरकारचे चाहते वैतागलेत. ही तक्रार कितपत खरी आहे? (पुणे)

उत्तर : तक्रार खरी आहे. २०११मध्ये एमपी४-१२सी, थोडक्यात १२सी, आली. पुढच्याच वर्षी तिची ताकद ६०० पीएसवरून (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) ६२५ केली आणि आधीच्या ग्राहकांनाही ती वाढ फुकट दिली. हे उत्तमच झालं. पण मार्च २०१४मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये ६५०एस आली, १२सीचं उत्पादन थांबलं आणि कालपरवा १२सी घेतलेल्यांच्या दारात ‘जुनं मॉडेल’ उभं राहिलं. २०१५ या एकाच वर्षात ६७५एलटी, ५७०एस आणि ५४०सी आल्या. जुलै २०१८मध्ये कंपनीने २०२५पर्यंत १८ नव्या गाड्या किंवा उपप्रकार आणायची योजना जाहीर केली, खर्च १.२ अब्ज पौंड. पुढचं मॉडेल असं डोळ्यांसमोर दिसत असताना वापरलेल्या गाडीला कोण भाव देणार?

सारखेपणा येतो तो टबामुळे. टब म्हणजे कार्बन फायबरचा एकसंध सांगाडा, ज्यात आपण बसतो. १२सीचा टब जेमतेम ७५ किलोचा. तो विकसित करायला प्रचंड पैसा लागतो, म्हणून इंग्लंडमधल्या वोकिंगची ही छोटी कंपनी एका टबातून आणि एकाच व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या आवृत्त्यांतून जमतील तितक्या गाड्या काढत आली आहे. तेव्हा नावं नव्हे, टब मोजा. मोनोसेल नावाच्या टबावर १२सी, ६५०एस, ६७५एलटी. मोनोसेल २वर ५७०एस, ५४०सी, ६००एलटी. मोनोकेज २वर ७२०एस, ७६५एलटी, ७५०एस. आर्टुराचा टबही नवा आणि इंजिनही नवं, व्ही६ हायब्रिड. एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ बराच निवळतो.

यातल्या सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजणं मात्र चूक. ६७५एलटी ६५०एसपेक्षा १०० किलो हलकी आहे, तिचे जवळपास एक तृतीयांश भाग बदललेले आहेत. ती वेगळी गाडीच म्हणायची. ५४०सी आणि ५७०एस यांत ३० पीएसचा फरक. तिथे चाहत्यांचा राग आम्हालाही पटतो.

प्रश्न : परदेशात राहतो. वापरलेली ६५०एस घ्यावी की ५७०एस? (दुबई)

उत्तर : सस्पेन्शन पाहून ठरवा. ६५०एसला अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारे दांडे, नाहीत. चाकांचे हादरे शोषणारे चारही डँपर हायड्रॉलिक नळ्यांनी जोडलेले असून त्यांत वायू भरलेले अ‍ॅक्युम्युलेटर असतात. वायूचा दाब गेला की गाडी कडक होते, बारीकसारीक खड्ड्यांवरही उड्या मारते. म्हणून चाचणी गुळगुळीत हायवेवर घेऊ नका. खराब रस्त्यावर, हळू वेगात, आधी ‘नॉर्मल’ आणि मग ‘ट्रॅक’ मोडमध्ये चालवा. ‘नॉर्मल’मध्येच दणके बसत असतील तर दुरुस्तीचा अंदाज हातात आल्याशिवाय भाव बोलू नका. ५७०एसला नेहमीच्या स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार आहेत. तिथे ही डोकेदुखी नाही. शिवाय तिच्या टबाची कड पुढच्या बाजूला ८ सेंटिमीटर खाली आहे, त्यामुळे आत पाय टाकायला कसरत कमी. रोजच्या वापराला आम्ही ५७०एस सुचवू.

दोन्हींच्या ब्रेकच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कची कड हात फिरवून पाहा, टवके उडालेले नकोत. या डिस्कची झीज नुसत्या जाडीवरून कळत नाही, काढून वजन करावं लागतं. गाडी उभी राहणार असेल तेव्हा बॅटरीला चार्जर लावून ठेवा.

प्रश्न : ७५०एस म्हणजे ७२०एसच ना? (मुंबई)

उत्तर : टब तोच. ताकद ३० पीएसने जास्त, वजन ३० किलोने कमी, फायनल ड्राइव्हचा (चाकांआधीचा शेवटचा) गिअर १५ टक्के छोटा, त्यामुळे ओढ लगेच जाणवते. पण मुंबईत आम्हाला सर्वांत मोलाचा बदल वाटतो तो नाक उचलण्याचा. ७२०एसला पुढचा भाग वर घ्यायला १० सेकंद लागत, ७५०एसला ४. पार्किंगच्या रॅम्पच्या तोंडाशी, मागे रिक्षा हॉर्न वाजवत असताना, ते ६ सेकंद फार मोठे असतात.