पोर्ट्रेट फोटोग्राफीचा दर कसा ठरवावा आणि गोव्यात गिऱ्हाईक कुठून मिळवावं?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीत राहता, नोकरी सांभाळून दोन वर्षं पोर्ट्रेट काढता, सेशनचे १,५०० घेता, आणि तरी लोक म्हणतात अमका ५०० मध्ये करतो. मी फोंड्याला हेच काम करतो. सुरुवातीला ८०० घेत होतो, त्यामुळे तुमचं दुखणं मला चांगलं ठाऊक आहे.

५०० वाल्याकडे बघून दर ठरवू नका. तो कदाचित बापाच्या दुकानात बसून करतो, कदाचित वर्षभरात बंद करील. तुमचा आकडा तुमच्या वहीतून निघायला हवा. माझी वही अशी: कॅमेरा, लेन्स, लाइट यांची वर्षाची झीज ६०,०००, खोलीचं भाडं ९६,०००, पेट्रोल ३६,०००, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, नेट मिळून ३४,०००, दुरुस्ती आणि विमा २४,०००. झाले अडीच लाख. घरात महिन्याला ३०,००० न्यायचे म्हटले तर आणखी ३,६०,०००. पैसे देणारी सेशनं वर्षाला १०० धरली, तर प्रत्येकातून ६,१०० सुटले पाहिजेत. आता तुम्ही म्हणाल, मला भाडं नाही, पगार आहे. बरं. खर्च वर्षाला एक लाख धरा आणि महिन्याला फक्त १०,००० सुटावेत अशी अपेक्षा ठेवा. पण तुम्हाला रविवारच मोकळे, म्हणजे सेशनं फार तर ४५. तरी ४,९०० च्या आसपास आकडा येतो. १,५०० मध्ये तुम्ही गिऱ्हाइकाला पदरचे पैसे घालून फोटो देताय.

वेळसुद्धा मोजा. दीड तासाच्या सेशनमागे जाणं-येणं, निवडणं, एडिटिंग, फोनवरची बोलणी धरून माझे आठ तास जातात. हे मी एकदा महिनाभर लिहून ठेवलं होतं, तेव्हा घाम फुटला.

पण नुसता दर वाढवून भागत नाही, कारण ‘दीड तास आणि ५० फाइली’ याला कोण ५,००० देणार? इथे माझी एक चूक सांगतो. तीन-चार वर्षं मी फाइलींची लिंक पाठवत होतो. लोक लिंक उघडायचे, स्क्रीनशॉट काढायचे, व्हॉट्सॲपला डीपी लावायचे, संपलं. मग माझ्या लक्षात आलं की स्टुडिओत महिन्यातून एक-दोनदा कोणीतरी आधार कार्ड नाहीतर लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतं आणि म्हणतं, यातून बाबांचा चेहरा मोठा करून द्या, बाराव्याला पाहिजे. हातात आयफोन, आणि बापाचा धड एक फोटो घरात नाही! मी ते करून देतो, पैसे घेताना लाजतो. पण आपलं गिऱ्हाईक कोण, हे मला तिथे कळलं.

त्या वर्षीपासून मी चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, काम धरलं. गोव्यात चवथीला मुंबई-पुण्याची, परदेशातली माणसं मूळ घरी येतात. तीन पिढ्या एका छपराखाली वर्षातून तेवढ्याच वेळी सापडतात. पावसाळ्यात धंदा बसतो असं सगळे म्हणतात; किनाऱ्यावरच्यांचा बसत असेल. जुन्या घराच्या राजांगणात, म्हणजे मधल्या उघड्या चौकात, पावसाच्या दिवशी जो मऊ उजेड उतरतो, तो पैसे देऊन मिळत नाही. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीखाली, सगळ्या कुटुंबाचा एक फोटो घेतो, तो सर्वांना हवाच असतो. नंतर आजीला राजांगणाच्या कडेला बसवतो. एका घरात आजी कॅमेऱ्याकडे बघेचना. तिच्या पुढ्यात अबोलीची फुलं आणि केळीचे दोर होते. म्हटलं, चालू दे तुमचं. ती फाती, म्हणजे वेणी, गुंफत राहिली, मी ८५ मिलिमीटरची लेन्स लावून तिच्या हातांवर आणि खाली झुकलेल्या चेहऱ्यावर राहिलो. संध्याकाळी लॅपटॉप त्यांच्याच टीव्हीला जोडून फोटो दाखवले. आजीचा तो फोटो आल्यावर खोलीत कोणी बोललं नाही. मग थोरली सून म्हणाली, “आईंची बोटं बघा.” तिघा मुलांनी तीन फ्रेमा सांगितल्या. कितले, म्हणजे पैसे किती, हे नंतर विचारलं.

तेव्हापासून लिंक बंद. फोटो समोर बसून दाखवायचे, शक्यतो त्यांच्या घरी, निर्णय घेणारी सगळी माणसं हजर असताना. सेशनचे ३,०००, त्यात येणं, काढणं आणि दाखवणं. फाइल त्यात नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. १२ बाय १८ इंचांची फ्रेम ४,५००. मला ती छपाईसकट १,२०० ला पडते. म्हणजे ज्याने एकच फ्रेम घेतली त्याच्याकडूनही ६,३०० सुटतात आणि वही जुळते. निवडलेल्या पाच फाइली ४,००० ला. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एवढ्या छपाईला पुरतो. नव्या कॅमेऱ्याच्या नादी लागू नका.

अर्धे पैसे तारीख धरताना घ्या. नातेवाइकांना फुकट करायचंच असेल तर पूर्ण बिल करा आणि खाली सूट लिहा. नाहीतर पुढच्या वेळी मावशी शेजारणीला फुकटात घेऊन येते. जीएसटीची धास्ती नको, सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते.

जाहिरातीचं म्हणाल तर इन्स्टाग्रामवर मला लाइक मिळाले, गिऱ्हाईक फारसं नाही. गूगलवर धंद्याची नोंद करा, आणि फ्रेम पोचवल्याच्या दिवशीच दोन ओळी लिहायची विनंती करा, मराठीत लिहिल्या तर उत्तम. एक मोठी फ्रेम ओळखीच्या डॉक्टरच्या प्रतीक्षाखोलीत लावा. तिथे माणूस अर्धा तास तिच्याकडे बघत बसतो. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या कलाकारांचे फोटो मी एकदा फुकट काढले, ते फलकावर लागले, आणि त्यातून दोन वकील आणि एक गायिका आली. फुकट द्यायचं तर असं, चारचौघांत दिसेल तिथे.

मात्र गिऱ्हाइकाचा फोटो जाहिरातीला वापरण्याआधी लेखी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं १७ वं कलम असं आहे की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. काढणारा नव्हे. बऱ्याच फोटोग्राफरांना हे उलटं वाटतं. मी बुकिंगच्या कागदावरच दोन ओळी छापून घेतल्यात. कोणी नको म्हटलं तर तिथेच खोडतो.

पर्यटकांचं काम करू नका असं नाही, पण ते परत येत नाहीत. शिवाय पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत रहिवाशांनी वैतागून घरांवर फोटो काढू नका असे फलक लावलेत, जुन्या गोव्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी. त्या धावपळीचाही दर लावायचा असतो.

जुन्या गिऱ्हाइकांना नवा दर चवथीच्या महिनाभर आधी कळवा. थोडी गळतील, गळू द्या. आणि फ्रेमवाल्याला फोटो आणि काचेच्या मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगाच. आपल्याकडच्या दमट हवेत नाहीतर दुसऱ्या पावसात फोटो काचेला चिकटतो, आणि लोक फ्रेमवाल्याला नाही, तुम्हाला फोन करतात.