पुरळाचा फोटो आला की आधी तारीख विचार

अगं,

तुझा मेसेज मिळाला. काउन्सिलिंगला बसलीस नाही तोच लोक हाताचे, पाठीचे फोटो पाठवायला लागले आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, हे एचआयव्हीचंच आहे ना? तर फोटो बघून उत्तर देऊच नकोस. अगं स्किनचे मुरलेले डॉक्टर पण कधीकधी कातडीचा तुकडा तपासल्याशिवाय नाव सांगत नाहीत. त्यात सावळ्या कातडीवर लालसरपणा नीट दिसतच नाही, कुठे जांभळट कुठे नुसतं काळपट, आणि आपण मात्र लाल चट्टे शोधत बसतो.

त्यापेक्षा तारखा विचार. पुरळ कधी उठलं आणि त्याआधीच्या दीड-दोन महिन्यात कुठली नवी गोळी सुरू झाली. लोक एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांच्या, नावाने बोटं मोडतात आणि खरी भानगड बरेचदा कोट्रायमोक्सॅझोलची निघते, इन्फेक्शन होऊ नये म्हणून देतात ना ती सल्फावाली गोळी. एचआयव्ही असलेल्यांना तिची रिअॅक्शन इतरांपेक्षा कितीतरी जास्त येते, बहुतेकदा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. नेव्हिरापीन हे एचआयव्हीचं जुनं औषध आता कमी झालंय, २०१९ पासून डब्ल्यूएचओने डोल्युटेग्रावीर या दुसऱ्या औषधालाच पहिली पसंती दिलीय, पण कोणी घेत असेल तर पहिले सहा आठवडे डोळ्यात तेल घालून बघायचे. पहिले १४ दिवस ती दिवसातून एकदाच देतात ते याचसाठी, आणि त्या दिवसांत पुरळ आलं तर ते जाईपर्यंत डोस वाढवत नाहीत.

मग पुढचा प्रश्न येतोच, गोळी बंद करू का? इथे तू हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही. साधं पुरळ असेल, ताप नाही, तोंड-डोळे ठीक आहेत, तर डॉक्टर खाजेची गोळी देऊन बरेचदा तेच औषध चालू ठेवतात, आणि माणसाने मनाने बंद केलं, त्यातही एक घेतली एक सोडली असं केलं, तर व्हायरस औषधाला दाद देईनासा होतो. पण ताप आहे, तोंडात फोड, डोळे लाल, चेहरा सुजलाय, डोळे पिवळे, कातडी खाजण्यापेक्षा दुखतेय किंवा सोलून निघतेय, यातलं एक जरी असलं तरी उद्या बघू चालणार नाही, पुढचा डोस घ्यायच्या आधी इमर्जन्सीत. अबाकाव्हीर या एचआयव्हीच्या औषधाचं तर वेगळंच प्रकरण आहे, त्याची अॅलर्जी प्रत्येक डोसला वाढत जाते, ताप, उलट्या, जुलाब, दम, आणि पुरळ असेलच असं पण नाही. त्या संशयावरून एकदा बंद केलं की पुन्हा कधीच घ्यायचं नाही, दुसऱ्या वेळेला जीवावर बेततं. म्हणून ते सुरू करायच्या आधी एचएलए-बी ५७०१ ही रक्ताची टेस्ट करतात, रिपोर्ट बघितलाय का हे विचारायला लाजू नकोस.

नवी गोळी काहीच नसेल तर मात्र यादी लांब आहे आणि ती पाठ करायच्या भानगडीत तू पडू नकोस. हातापायावर खूप खाजणाऱ्या पुळ्या, खाजवून खाजवून काळे डाग, हे सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) खाली गेलेल्यांमध्ये खूप दिसतं, किडा चावल्यावर शरीर जरा जास्तच चिडतं असं मानतात. एआरटी नीट चालू राहिली की काही महिन्यांत कमी होतं. डाग जायला मात्र वेळ लागतो, आणि लोकांना खाजेपेक्षा या डागांचीच भीती जास्त असते गं, कोणी ओळखेल म्हणून भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचे कपडे घालतात. ते बोलले तर ऐकून घे, लगेच औषधावर जाऊ नकोस.

एका बाजूलाच पट्ट्यासारखे दुखणारे फोड म्हणजे नागीण असू शकते, त्याची गोळी ७२ तासांच्या आत सुरू झाली तर जास्त फायदा होतो, आणि डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर. तळहात-तळपायावर चट्टे असतील तर सिफिलिसची टेस्ट झालीय का विचार. चेहऱ्यावर मध्ये खळगी असलेल्या पुळ्या आणि सोबत ताप, डोकेदुखी असेल तर साधं समजू नकोस, आतल्या फंगसचं पण असं दिसतं. आणि एआरटी सुरू केल्यावर आधीचं काही उफाळून आलं तर औषध लागू पडत नाही असा अर्थ नाही, प्रतिकारशक्ती जागी होतेय म्हणून पण होतं.

शिवून पसरतं का, हे तर विचारतातच. एचआयव्ही शिवून पसरत नाही, हे ठणकावून सांग. पण खरूज पसरते, आणि नागिणीच्या फोडातल्या पाण्याने कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात, तेही सांग. अर्धवट दिलासा देऊ नकोस.

दुकानातून आणलेल्या मिक्स क्रीमचा मला भयंकर राग आहे. स्टिरॉइड असतं त्यात, दोन दिवस बरं वाटतं, गजकर्ण असेल तर आतल्या आत पसरत जातं आणि मग डॉक्टरला पण ओळखू येत नाही. एआरटीत रिटोनाव्हीर हे औषध घेणाऱ्याने स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे किंवा इंजेक्शन पण एआरटीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि ज्यांची टेस्टच झालेली नाही, नुसतं पुरळ बघून घाबरलेत, त्यांना टेस्टला पाठव. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसा, गाठी आणि अंगावर पुरळ येऊ शकतं, पण तसं हजार कारणांनी येतं आणि काहींना काहीच येत नाही. लॅबची चौथ्या पिढीची टेस्ट, म्हणजे व्हायरसचा अंश आणि अँटीबॉडी दोन्ही शोधणारी, संसर्गानंतर १८ ते ४५ दिवसांत तो पकडते, म्हणून लवकर केलेली निगेटिव्ह आली तरी पुन्हा करायची, आणि तोवर कंडोम, कारण खरंच संसर्ग असेल तर त्या दिवसांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, प्रचंड असतो.

आता तू ज्याचा फोटो मला फॉरवर्ड केलास त्या मुलाचं. त्याला आत्ताच फोन कर, ताप आहे का, तोंडात काही आलंय का आणि गोळ्या कुठल्या तारखेपासून, एवढं विचार आणि सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरकडे पाठव. त्या फोटोत चेहरा पण दिसतोय. मी डिलीट केलाय, तू पण कर, आणि पुढच्या वेळी त्याला न विचारता मला पण पाठवू नकोस.

तुझी ताई