जे गळून गेले त्याची साक्ष

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

क्षयरोगाच्या जीवाणूंचा वंशवृक्ष मांडायला घेतला आहेस, हे वाचून फार आनंद झाला. संगणक वृक्ष झटकन काढून देतो. म्हणूनच जनुकसंचातला कोणता बदल वंशाची साक्ष देतो आणि कोणता चकवतो, हे तू आधी ठरवावेस.

गुरे पाळू लागल्यावर त्यांच्यापासून माणसाला क्षय जडला, असे फार काळ मानले जाई. १९९८ मध्ये मानवी क्षयजीवाणूच्या एच३७आरव्ही या वाणाच्या सुमारे ४४ लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) क्रम हाती आला आणि २००२ मध्ये स्पष्ट झाले की मानवी जीवाणूत शाबूत असलेले डीएनएचे अनेक तुकडे गुरांच्या जीवाणूत गळून गेले आहेत. हे जीवाणू आपसांत जनुकांची देवघेव जवळजवळ करत नाहीत, त्यामुळे एकदा गळालेला तुकडा त्या वंशात परतत नाही. साहजिकच ज्याच्याकडे तो शाबूत आहे, तो जीवाणू तुकडा गमावलेल्याचा वंशज असू शकत नाही. एवढ्या साध्या तर्काने जुनी समजूत मोडली, याचे मला आजही अप्रूप वाटते. बीसीजी लशीतल्या जीवाणूतही असाच आरडी१ हा तुकडा नाही आणि त्याच्या सौम्यपणाचे ते एक मोठे कारण आहे.

औषधप्रतिकाराचे बदल मात्र वेगळे. रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला जीवाणू दाद देईनासा करणारा आरपीओबी जनुकातला एकच बदल दूरदूरच्या शाखांत स्वतंत्रपणे, पुन्हापुन्हा उद्भवतो, कारण औषधाचा दाब सगळीकडे सारखाच असतो. त्याला नात्याचा पुरावा मानलेस तर परकी घराणी एका फांदीवर येतील.

कालगणनेत अधिक जप. २०१३ मध्ये या जीवाणूंचा समान पूर्वज सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचा ठरवला गेला, तर २०१४ मध्ये ६,००० वर्षांहून अलीकडचा. पहिल्या हिशेबात जीवाणूंचा प्रसार माणसाच्या स्थलांतराशी जुळवला होता. दुसरा पेरूतील सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतून मिळालेल्या डीएनएवर बेतला होता. (ते जीवाणू सील प्राण्यांतल्या वाणाचे निकटचे आप्त निघाले!) नमुने मोजकेच असले, तरी काळ ठाऊक असलेल्या हाडांवर टेकलेला दुसरा हिशेब मला अधिक भक्कम वाटतो.

पुढच्या पत्रासोबत दोन वृक्ष पाठव, एक औषधप्रतिकाराच्या बदलांच्या जागा धरून आणि एक त्या वगळून. आणि प्रत्येक कालनिर्देशाखाली तो कशावर बेतला आहे, ते तुझ्या शब्दांत लिही.

तुझा शुभचिंतक