मखितारयान शाळकरी वयात ब्राझीलला गेला, मग माझ्या मुलाने येरेवानला का जाऊ नये?

«माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीला. कोल्हापुरात एका तालमीच्या ज्युनियर फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळतो. आर्मेनियाचा फुटबॉलपटू हेन्रिख मखितारयान त्याचं दैवत. आता मुंबईचे एक एजंट भेटले आहेत. आर्मेनियाची राजधानी येरेवान, तिथल्या क्लबात ट्रायल, तीन महिने राहणं आणि ‘शंभर टक्के करार’ असे साडेचार लाख सांगतात. टुरिस्ट व्हिसावर न्यायचं म्हणतात. बुकिंगचे वीस हजार आणि पासपोर्टची प्रत आम्ही देऊन बसलोय. नको म्हटलं की मुलगा म्हणतो, ‘मखितारयान तर शाळेत असताना ब्राझीलला गेला होता!’ दोन दिवस जेवला नाही. काय करू? — एक आई, कोल्हापूर»

प्रिय ताई,

उरलेले पैसे देऊ नका. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही जरा शांतपणे वाचाल.

मुलगा सांगतो ते खोटं नाही, अर्धं आहे. मखितारयान शाळकरी वयात ब्राझीलच्या साओ पावलो क्लबात गेला होता, पण तिथे राहिला चारेक महिने. शिकला, थोडी पोर्तुगीज उचलली आणि येरेवानला आपल्या प्यूनिक क्लबात परत आला. परदेशातला पहिला करार त्यानंतर काही वर्षांनी झाला, 2009 मध्ये. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

त्याच्या घराबद्दलही मुलाला सांगा. वडील हामलेत हे अरारात येरेवानचे नावाजलेले फॉरवर्ड, नंतर फ्रान्समध्ये खेळले. ब्रेन ट्यूमर झाला, कुटुंब मायदेशी परतलं आणि 1996 मध्ये ते गेले. हेन्रिख तेव्हा सात वर्षांचा. आई मरीना पुढे आर्मेनियाच्या फुटबॉल महासंघात काम करू लागल्या. म्हणजे कोणता कागद खरा आणि कोणता माणूस भामटा, हे ओळखणारं माणूस त्याच्या घरातच होतं. आपल्याकडे ते नसतं, म्हणून आपल्याला विचारून, तपासून चालावं लागतं.

आता क्रम बघा. सतराव्या वर्षी, 2006 मध्ये, तो प्यूनिकच्या मुख्य संघात आला. आर्मेनियाची लीग छोटी, पण प्यूनिक तेव्हा दरवर्षी विजेता. त्यामुळे दर उन्हाळ्यात युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी खेळायला मिळायची आणि खेळाडू हेरणारे बाहेरचे स्काउट तिथे बघायचे. घरच्या लीगमध्ये लागोपाठ विजेतेपदं मिळाल्यावर युक्रेनच्या मेतालुर्ग दोनेत्स्कने त्याला घेतलं. वर्षभरात तो तिथला कर्णधार झाला. 2010 मध्ये त्याच शहरातल्या शाख्तारने उचलला. 2012-13 च्या मोसमात लीगमध्ये 25 गोल केले, तो तिथला विक्रम ठरला आणि 2013 मध्ये जर्मनीच्या डॉर्टमुंडने सुमारे पावणेतीन कोटी युरो मोजले. प्रत्येक पायरीवर पुढचा क्लब त्याच्याकडे आला आणि खिशात हात घातला तो क्लबाने. एकदाही त्याच्या आईने नाही.

माझ्या मते सगळ्या पत्रातला कळीचा मुद्दा हाच आहे, म्हणून हिशेबच मांडते. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार करार चालू असलेला खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबाने घेतला, की त्या रकमेतले 5 टक्के त्याला वयाच्या 12 ते 23 या काळात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक मोसमाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. या हिशेबाने डॉर्टमुंडच्या रकमेतला प्यूनिकचा वाटा 3 टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे आठ लाख युरोंच्या घरात! पोरगा खरंच चांगला असेल, तर त्याच्यावर खर्च करणं क्लबाच्या फायद्याचं असतं. जो एजंट क्लबाऐवजी आईकडून पैसे घेतो, त्याचा ट्रायल पास होण्याशी काडीचाही संबंध नसतो. त्याची कमाई तुमच्या चेकवरच संपली.

आणि सोळाव्या वर्षी करार? फिफाच्या नियमात 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणीच होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले, किंवा घर सीमेला अगदी लागून असलं, वगैरे. 16 ते 18 ची सवलत युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आतल्या बदल्यांना आहे. आर्मेनिया त्यात नाही आणि आपण तर नाहीच नाही. टुरिस्ट व्हिसावर गेलेला मुलगा तीन महिने कुठल्या तरी मैदानावर पळेल, नोंदणीअभावी अधिकृत सामना एकही खेळणार नाही. इकडे अकरावी बुडेल आणि जिल्ह्याचा मोसमही.

एजंटची परीक्षा सोपी आहे. तीन गोष्टी लेखी मागा: त्याचा फिफा परवाना क्रमांक, कुठल्या क्लबाने बोलावलं त्याचं नाव, आणि क्लबाच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून आलेलं निमंत्रण. परवानाधारक एजंटांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. निमंत्रण आलंच, तर त्यावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका. क्लबाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा पत्ता शोधा आणि तिथे विचारा. आणखी एक: अल्पवयीन मुलाशी बोलण्याआधी एजंटला पालकांची लेखी संमती लागते. हे गृहस्थ आधी मुलाला मैदानावर भेटले असतील, तर तिथेच ते नापास.

मग मुलाने करायचं काय? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या केंद्रीय नोंदणीत त्याचं नाव, जन्मतारीख आणि क्लब बरोबर आहेत का, हे याच आठवड्यात बघा. जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर एकच तारीख हवी. कितीतरी पोरं खेळात नाही, इथे अडकतात. तालमीच्या प्रेमापोटी नोंदणी टाळणारेही आहेत. पुढे कुणी विचारलं, तर कागदावर त्या पोराचा इतिहासच नसतो. त्यानंतर महासंघाची मान्यता असलेल्या अकादमीच्या निवड चाचण्या आणि सतरा वर्षांखालची युवा लीग. शाहू स्टेडियमवर दहा हजार लोक ओरडतात ते खरं, पण स्काउटला लागतो पूर्ण नव्वद मिनिटांचा व्हिडिओ, निवडक गोलांची चित्रफीत नव्हे. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला. येरेवानला न जाता.

मुलाशी बोलताना मखितारयानला वाईट ठरवू नका, उलट त्याच्याच बाजूने बोला. 2014-15 मध्ये डॉर्टमुंडला त्याचे गोल आटले होते, पुढच्या मोसमात प्रशिक्षक बदलला आणि तो बुंडेसलीग या जर्मन लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये प्रशिक्षक मॉरिन्योंनी त्याला सुरुवातीलाच कित्येक आठवडे बाहेर बसवलं. त्याच मोसमाच्या शेवटी युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. 2019 मध्ये तो आर्सेनलला होता आणि त्यांचा युरोपा लीगचा अंतिम सामना अझरबैजानच्या बाकूला होता. आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या वैरामुळे सुरक्षेच्या कारणाने तो गेलाच नाही. एवढ्या मोठ्या क्लबाचा खेळाडूही प्रत्येक ठिकाणी जात नाही, हे मुलाला जरूर ऐकवा. पुढे इटलीत रोमा, मग इंटर. तिथे पुढे खेळणारा माणूस मधल्या फळीत मागे आला, चेंडूमागे धावायला लागला आणि 35 व्या वर्षी 2023-24 ची इटालियन लीग जिंकला. तुमचा मुलगा मधल्या फळीत खेळतो ना? त्याला मखितारयानचे इंटरमधले सामने एका कामासाठी बघायला सांगा: चेंडू सहकाऱ्याकडे असताना मखितारयान कुठे सरकतो, फक्त तेवढंच वहीत टिपायचं. उपाशी बसण्यापेक्षा हे बरं.

राहिले वीस हजार. यूपीआयने दिले असतील, तर व्यवहार क्रमांकासह आजच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितकं लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. रोख दिले असतील, तर पावती आणि व्हॉट्सॲपचे संदेश जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. एजंटला फोनवर भांडू नका, परतीची मागणी लेखीच करा. पासपोर्टची मूळ प्रत मागितली, तर ती कुठल्याही कारणाने हातची सोडू नका.