एवढ्या मेट्रो झाल्या, तरी डोंबिवलीची लोकल तशीच का?

डोंबिवलीच्या एकाने विचारलंय की मेट्रो झाल्या, पूल झाले, तरी सकाळची लोकल आहे तशीच. नियोजन करणारे बघतात तरी काय?

ते आधी बघतात माणूस राहतो कुठे आणि कामाला जातो कुठे. गोची तिथेच आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पुढे फोर्टातली बरीच ऑफिसं बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), अंधेरी, पवईकडे गेली, ऐरोली-महाप्यात आयटी आलं. राहणारे मात्र लांब लांब जात राहिले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. तेव्हाचा ठाणे जिल्हा (पालघर धरून) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. रूळ मात्र अजून मुख्यतः दक्षिणेकडेच धावतात. आडवं जायची सोय फार उशिरा झाली: ठाणे-वाशी २००४ला, घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ला.

ठाण्याला सकाळी उभं राहून बघा. कल्याणकडून आलेली गर्दी उतरते, पूल चढते आणि ९-१० नंबरवर ऐरोली-वाशीची गाडी धरायला पळते. या लोकांना ठाण्यात काही काम नसतं! त्यांना ठाण्याला न उतरता थेट ऐरोलीकडे जाता यावं म्हणूनच कळवा-ऐरोली जोडमार्ग आखला. त्यातलं दिघा स्टेशन जानेवारी २०२४ला सुरू झालं, पण पुढचा रूळ झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकलाय. माझ्या मते दोन-तीन चकचकीत प्रकल्पांपेक्षा हा तुकडा कल्याण-डोंबिवलीच्या जास्त कामाचा, पण त्याचं नाव कुठल्या बॅनरवर दिसत नाही.

भिवंडी हा दुसरा नमुना. मुंबईच्या जकातीबाहेर आणि जागा स्वस्त म्हणून तिथे गोदामं वाढली. २०१७ला जकात गेली, तरी ऑनलाइन खरेदीमुळे गोदामं वाढतच राहिली. कामगार शिफ्टने येतात, रात्री-अपरात्री सुटतात. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, तिथे पॅसेंजर गाड्या मोजक्याच. मग शेअर रिक्षा किंवा बाइक. माणकोली पुलाने डोंबिवलीहून अंतर कमी झालं, पण ते ज्याच्याकडे गाडी आहे त्याला.

बायकांचा प्रवास तर बहुतेक आकडेवारीत नीट पकडलाच जात नाही. मुलाला पाळणाघरात सोडून स्टेशन, येताना भाजी, मग शेअर रिक्षा. सर्व्हेत त्याची नोंद बहुधा ‘घर ते ऑफिस’ एवढीच होते, आणि प्रत्येक टप्प्याचं वेगळं भाडं कुणाच्या हिशोबात येत नाही.

आता तुमच्यापुरतं. कल्याण-तळोजा मेट्रो १२ नवी मुंबईकडे जाणार, त्यामुळे सीएसएमटीची गर्दी तिने फारशी हलणार नाही. ऑफिस ऐरोलीला असेल तर कळवा-ऐरोलीवर लक्ष ठेवा. अंधेरीला असेल तर घाटकोपरला उतरणं सध्या तरी सुटत नाही.