बिज्वेल्ड २ (रंगीत खडे जुळवायचा गेम) नवीन लावलंय? मग एवढंच बघा

भाऊ, दिसले एका रंगाचे तीन खडे की जुळव, ही सवय आधी सोडा. पाट ८ बाय ८ चा, रंग सात; तीन तर आपोआपही जुळतात. नजर चारवर ठेवा: लाल-लाल, मग एक भलताच खडा, मग लाल. त्या मधल्या घराच्या वर किंवा खाली चौथा लाल असेल तर तो आत सरकवा. पॉवर जेम मिळतो. तो त्याच रंगात जुळला की भोवतालचे आठही खडे उडतात.

दोन-एक-दोन अशी रांग जमली तर पाच, म्हणजे हायपर क्यूब. ज्या रंगाशी अदलाबदल कराल तो रंग पाटावरून साफ. नवखे इथेच चुकतात, मिळाला की उडवतात. क्लासिक मोडमध्ये चाल संपली की डाव संपतो, आणि क्यूब कुठल्याही शेजाऱ्याशी बदलतो. तो आहे तोवर चाल आहे. जपून ठेवा.

- सुरुवात क्लासिकने. ॲक्शनमध्ये वेळेची पट्टी घाई करायला लावते.
- खाली जुळवलं की वरचा सगळा ढीग सरकतो. जमवलेली रांग मोडते.
- एन्डलेसला शेवटच नाही. रविवारी कॉलेज रोडला मिसळीला निघताना ‘एकच डाव’ म्हणून उघडलात, तर मिसळ राहिलीच!

पझल मोडचं नंतर बघू.