पोटातलं पाणी हटत नसेल तर

यकृताच्या आजारात पोटात साठलेल्या पाण्यावर 'रिफ्रॅक्टरी', म्हणजे औषधांना दाद न देणारं, असा शेरा लिहिण्याआधी जरा थांब. स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळ्यांच्या रोज अनुक्रमे ४०० आणि १६० मिलिग्रॅमपर्यंत खरंच पोहोचलास, की क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढल्यामुळे आधीच थांबावं लागलं? मिठाचं आणि अंगदुखीच्या गोळ्यांचं नातेवाइकांना स्वतः विचार. आयबुप्रोफेन चालू असेल तर लघवीच्या गोळ्या नीट लागूच पडत नाहीत.

पाणी ५ लिटरच्या वर काढलंस तर काढलेल्या दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) शिरेतून दे. हे टाळू नकोस, मूत्रपिंडांवर बेततं. दर वेळी पाण्याचा नमुना तपासायला पाठव; न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घन मिलिमीटरमागे २५० च्या वर म्हणजे संसर्ग, ताप नसला तरी. टिप्स (TIPS, यकृतातल्या रक्ताचा दाब कमी करायला आत बसवलेली नळी) आणि यकृत प्रत्यारोपणाचा विषय मात्र लगेच काढ. मी एकदा उशीर केला, ते अजून सलतं.